नमाज, रोजे, जकात सगळं केलं, तरी माणूस 'दिवाळखोर' कसा ठरतो? इस्लाममधला जगण्याचा उद्देश आणि सदाचार

दिवाळखोर कोणाला म्हणायचं? ज्याच्याकडे पैसा नाही, मालमत्ता नाही, त्याला. प्रेषित मुहंमद पैगंबरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनीही हेच उत्तर दिलं होतं. पैगंबरांनी मात्र वेगळाच माणूस समोर उभा केला.

हा माणूस निवाड्याच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात यांचं भलंमोठं पुण्य घेऊन येतो. पण त्याने कुणाला शिवीगाळ केलेली असते, कुणावर खोटा आळ घेतलेला असतो, कुणाचे पैसे खाल्लेले असतात, कुणाला मारलेलं असतं. मग त्याचं पुण्य त्या एकेका माणसाला वाटून दिलं जातं. पुण्य संपतं, पण देणं संपत नाही. तेव्हा त्या लोकांची पापं याच्या खात्यावर टाकली जातात आणि त्याची रवानगी नरकात होते. खरा दिवाळखोर हा.

'सहीह मुस्लिम' या हदीस संग्रहात हा प्रसंग आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती आणि कृतींच्या नोंदी. इस्लाममध्ये माणसाच्या जगण्याचा उद्देश काय, आणि त्याचा रोजच्या वागण्याशी संबंध काय, याचं उत्तर बऱ्याच अंशी या एका प्रसंगात आहे.

माणूस पृथ्वीवर कशासाठी आला?

कुरआनमध्ये या प्रश्नाची प्रामुख्याने तीन उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर इबादतीचं. ५१व्या सूरेत, म्हणजे अध्यायात, मानव आणि जिन्न यांची निर्मिती केवळ अल्लाहच्या उपासनेसाठी झाल्याचं म्हटलं आहे.

दुसरं उत्तर जबाबदारीचं. दुसऱ्या सूरेत अल्लाह पृथ्वीवर 'खलिफा' नेमणार असल्याचं फरिश्त्यांना सांगतो. फरिश्ते शंका काढतात, की हा प्राणी तिथे उत्पात माजवेल, रक्त सांडेल. तरीही माणसाला ती जागा मिळते. इथे खलिफा म्हणजे प्रतिनिधी. पृथ्वी त्याच्या मालकीची नाही, ती त्याच्याकडे सोपवलेली अमानत आहे, असा याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात.

तिसरं उत्तर परीक्षेचं. ६७व्या सूरेनुसार जीवन आणि मृत्यू निर्माण करण्यामागे सर्वांत चांगली कृती कोण करतो, हे पारखण्याचा हेतू आहे. यातला शब्द महत्त्वाचा आहे. कृती सर्वांत 'जास्त' कोणाची असं नाही, तर सर्वांत 'चांगली' कोणाची, असं तिथे म्हटलं आहे.

इबादत म्हणजे फक्त नमाज का?

नाही. शहादा म्हणजे श्रद्धेची साक्ष, नमाज, रोजा, जकात आणि हज हे इस्लामचे पाच आधारस्तंभ मानले जातात. पण इबादतीची व्याप्ती त्यापलीकडे जाते. कुटुंबासाठी प्रामाणिकपणे कमावणं, रस्त्यातला अडथळा बाजूला करणं, कुणाला हसतमुखाने भेटणं, या गोष्टीही हदीसमध्ये पुण्यकर्मात मोजल्या आहेत. अट एकच, हेतू शुद्ध हवा. 'सहीह बुखारी' या संग्रहातली पहिली हदीसच कर्माचं मोल हेतूवर ठरतं, या आशयाची आहे.

दुसऱ्या सूरेतली १७७वी आयत तर थेट सांगते, की तोंड पूर्वेकडे केलं की पश्चिमेकडे, एवढ्यात सदाचार सामावत नाही. त्यानंतर ती यादीच देते. अल्लाह आणि अंतिम दिवसावर श्रद्धा, आवडता पैसा नातेवाईक, अनाथ, गरजू आणि वाटसरूंसाठी खर्च करणं, गुलामांना सोडवणं, नमाज, जकात, दिलेला शब्द पाळणं आणि संकटात धीर धरणं. उपासना आणि माणुसकी या आयतीत एकाच रांगेत उभ्या आहेत.

१०७वी सूरा याहून कडक आहे. अनाथाला हाकलून देणारा आणि गरिबाच्या जेवणाची पर्वा नसणारा हा मुळात निवाड्याचा दिवसच नाकारतो, असं ती म्हणते. नमाज पढूनही त्याबाबत बेपर्वा असणारे, दिखावा करणारे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना साधी वापरायची वस्तूही न देणारे, त्यांनाही ती धिक्कारते. ही सूरा अवघ्या ७ आयतींची आहे.

दोन खाती: अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क

इस्लामी विचारात माणसाच्या जबाबदाऱ्यांचे दोन भाग केले जातात. 'हुकूकुल्लाह' म्हणजे अल्लाहचे हक्क, आणि 'हुकूकुल इबाद' म्हणजे माणसांचे हक्क.

पहिल्या खात्यात चूक झाली, नमाज चुकली किंवा रोजा सुटला, तर माणूस तौबा करू शकतो, म्हणजे पश्चात्ताप करून माफी मागू शकतो. अल्लाह दयाळू आहे, तो माफ करेल, ही आशा तिथे कायम असते.

दुसऱ्या खात्याचा नियम वेगळा आहे. १३व्या शतकातले सीरियातले विद्वान इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन' या ग्रंथात तौबेच्या अटी सांगितल्या आहेत. पाप थांबवणं, मनापासून पस्तावणं आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणं, या तीन अटी. पण चूक दुसऱ्या माणसाच्या बाबतीत असेल तर चौथी अट लागू होते. त्याचं देणं परत करायचं किंवा त्याच्याकडून माफी मिळवायची. लाटलेली जमीन, बुडवलेली मजुरी किंवा बहिणीचा दाबून ठेवलेला वारसाहक्क यांचा हिशोब केवळ रात्रभर जागून केलेल्या प्रार्थनेने मिटत नाही.

'सहीह मुस्लिम'मधल्या एका हदीसनुसार शहिदाचीही सगळी पापं माफ होतात, कर्ज मात्र राहतं. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवा, हे सांगणारी दुसऱ्या सूरेतली २८२वी आयत ही कुरआनमधली सर्वांत मोठी आयत आहे. वारसांत संपत्ती वाटण्याआधी मृताचं कर्ज फेडावं, असंही कुरआन सांगतं.

हा विचार भारतातल्या मुस्लीम समाजाच्या रोजच्या रूढींमध्येही दिसतो. जनाजाच्या नमाजच्या वेळी अनेक ठिकाणी घरातला माणूस पुढे येऊन सांगतो, की मृत व्यक्तीकडे कुणाचं काही येणं असेल तर आम्हाला भेटा. हजला निघण्याआधी लोक देणी चुकती करतात आणि नातेवाईक, शेजारी, ओळखीच्यांना भेटून 'कहा-सुना माफ' म्हणतात. चुकून काही बोललो असेन, मन दुखावलं असेल तर माफ करा, हा त्यामागचा अर्थ.

बाजार, घर आणि शेजार

सदाचाराला इस्लाममध्ये 'अखलाक' म्हणतात. त्याची परीक्षा जिथे रोज होते अशा जागा कुरआन आणि हदीसमध्ये नेमक्या सांगितल्या आहेत.

बाजार: ८३व्या सूरेचं नावच 'मापात मारणारे' या अर्थाचं आहे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे, असे लोक तिचा विषय आहेत. एकदा पैगंबरांनी बाजारात धान्याच्या ढिगाऱ्यात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं विक्रेत्याने सांगितलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, असं त्यांनी विचारलं आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असं बजावलं.

घर: म्हाताऱ्या आईवडिलांना वैतागून 'उफ्'सुद्धा म्हणू नये, असं १७वी सूरा सांगते.

शेजार: ज्याच्या त्रासापासून शेजारी सुरक्षित नाही तो खरा श्रद्धावान नाही, अशी हदीस आहे. शेजारी मुस्लीम असलाच पाहिजे, अशी अट नाही. पैगंबरांचे सहकारी अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठवला का, हे त्यांनी घरच्यांना आवर्जून विचारल्याची नोंद आहे.

शत्रू: एखाद्या समाजाविषयीचा राग तुम्हाला अन्याय करायला लावता कामा नये, असं पाचव्या सूरेतली आठवी आयत सांगते. आपल्या माणसांशी चांगलं वागणं सोपं असतं. ही आयत अवघड बाजूबद्दल बोलते.

गीबत: खरं बोलूनही पाप कसं होतं?

सोशल मीडियाच्या काळात सर्वांत जास्त लागू पडणारा भाग ४९व्या सूरेत आहे. कुणाची टिंगल करू नका, टोपणनावांनी हिणवू नका, उगाच संशय घेऊ नका, हेरगिरी करू नका आणि पाठीमागे निंदा करू नका, असे आदेश तिथे एकापाठोपाठ येतात. पाठीमागच्या निंदेला 'गीबत' म्हणतात. ती मेलेल्या भावाचं मांस खाण्यासारखी आहे, अशी अंगावर काटा आणणारी उपमा कुरआनने दिली आहे.

पण बोललेली गोष्ट खरी असेल तर? हा प्रश्न पैगंबरांनाही विचारला गेला होता. खरं असेल तर ती गीबत आणि खोटं असेल तर तो 'बोहतान' म्हणजे खोटा आळ, असं त्यांचं उत्तर होतं. म्हणजे 'मी खरं तेच सांगितलं' हा बचाव पुरेसा नाही.

मग अन्यायाबद्दलही गप्प बसायचं का? तर नाही. अत्याचाराची तक्रार करणं, न्याय मागणं, फसवणाऱ्यापासून इतरांना सावध करणं, याला इमाम नववींसारख्या विद्वानांनी गीबतीतून स्पष्टपणे वगळलं आहे. पीडित व्यक्तीचं तोंड बंद करण्यासाठी गीबतीचा धाक दाखवणं या नियमात बसत नाही.

याच सूरेतली सहावी आयत सांगते, की बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान कराल आणि पस्तावाल. फॉरवर्ड करण्याआधी थांबण्याची ही सूचना आहे.

चांगलं काय, हे ठरवतं कोण?

यावर मुस्लीम विचारवंतांमध्ये शतकानुशतकं वाद झाले आहेत. मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणत, चांगलं-वाईट बुद्धीने कळू शकतं. अशअरी परंपरेने उत्तर दिलं, की अल्लाहने सांगितलं म्हणून ते चांगलं ठरतं. मातुरीदी परंपरेने बुद्धीला बरीच जागा दिली, पण धर्माच्या आज्ञेची गरजही मान्य केली.

हेतूचा प्रश्न सूफींनी आणखी खोल नेला. आठव्या शतकातल्या बसरा शहरातल्या संत राबिया यांची शिकवण अशी सांगितली जाते, की नरकाची भीती किंवा स्वर्गाचा लोभ यासाठी केलेली भक्ती अपुरी आहे. भक्ती फक्त प्रेमापोटी हवी.

इमाम गझाली यांनी तर हा प्रश्न स्वतःच्या आयुष्यावर घेतला. बगदादच्या निझामिया या नामांकित विद्यापीठात ते शिकवत होते. आपण हे अल्लाहसाठी करतोय की प्रसिद्धीसाठी, या प्रश्नाने ते अस्वस्थ झाले आणि १०९५ मध्ये पद सोडून निघून गेले. पुढे त्यांनी 'इह्या उलूमुद्दीन' हा ४० प्रकरणांचा ग्रंथ लिहिला. त्यात उपासनेच्या बरोबरीने जेवण, कमाई, मैत्री, प्रवास, राग, मत्सर आणि दिखाऊपणा यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत.

मग सारांश काय?

इस्लामच्या मते माणसाचं जगणं ही परीक्षा आहे आणि उपासना हा त्या जगण्याचा उद्देश. पण या परीक्षेची उत्तरपत्रिका फक्त मशिदीत लिहिली जात नाही. मजुराची मजुरी, बहिणीचा वाटा, शेजाऱ्याची झोप, तराजूचा काटा आणि फोनवर टाइप केलेला एखादा शब्द, हे सगळं तिच्यात येतं. ९९वी सूरा म्हणते, की कणभर चांगलं आणि कणभर वाईटही त्या दिवशी माणसाला दिसेल.

अल्लाहचं देणं अल्लाह माफ करू शकतो. माणसाचं देणं मात्र आधी माणसालाच चुकवावं लागतं, आणि ते चुकवायची मुदत जिवंत असेपर्यंतच आहे.