हिवताप : एका रोगाच्या नावात दडलेली थंडी

१/८
गोंदिया जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत ‘जिल्हा हिवताप अधिकारी’ असे पद आहे. हिवताप म्हणजे मलेरिया. ‘हीव’ म्हणजे थंडी आणि ‘ताप’ म्हणजे उष्णता. परस्परविरोधी अर्थाचे हे दोन शब्द एकाच रोगाच्या नावात कसे आले?

२/८
‘हीव’ हा संस्कृत ‘हिम’ या शब्दाचा वंशज. संस्कृतातून मराठीत येताना अनेक शब्दांतील ‘म’चा ‘व’ झाला : ग्रामचे गाव, नामचे नाव, तसेच हिमचे हीव. ‘हिवाळा’ही याच कुळातला. लॅटिनमधील ‘हिएम्स’ आणि रशियनमधील ‘झिमा’ हे हिवाळ्याचे शब्दही त्याचे दूरचे आप्त आहेत.

३/८
थंडीसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. परंतु प्रत्येकाचे काम निराळे. पाणी ‘गार’ असते, आभाळातून ‘गारा’ पडतात, हवेत ‘गारठा’ असतो. डोके, प्रतिसाद आणि बाजार ‘थंड’ असतात. चांदणे मात्र ‘शीतल’च. अंगाची आग करणाऱ्या देवीच्या रोगाची अधिष्ठात्री देवता ‘शीतला’ ठरली. ‘हीव’ हा शब्द मात्र विशेषतः अंगात भरणाऱ्या थंडीशी जोडला गेला. विदर्भात आजही ‘हिव वाजते’ असे म्हणतात.

४/८
थंडी वाजून येणाऱ्या तापाची नोंद फार जुनी आहे. अथर्ववेदात ‘तक्मन्’ नावाच्या ज्वराचे वर्णन येते. तो शीत आहे, दाहक आहे आणि तिसऱ्या दिवशी परतणाराही आहे. अनेक अभ्यासक त्याचा संबंध हिवतापाशी जोडतात. आयुर्वेदानेही ‘विषमज्वरा’चे तृतीयक, चतुर्थक असे प्रकार पाळीवरून ओळखले.

५/८
युरोपने निराळी वाट धरली. इटालियन भाषेत ‘माल आरिया’ म्हणजे वाईट हवा. दलदलीवरील दूषित हवेने हा रोग होतो, असा तेव्हाचा समज. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत या रोगाचे परजीवी आढळले आणि हवा निर्दोष ठरली. युरोपने नावात कारण सांगितले आणि ते चुकले. मराठीने केवळ लक्षण सांगितले, म्हणून तिचे नाव टिकले.

६/८
मग तापात थंडी का वाजते? परजीवी रक्तातील तांबड्या पेशी फोडून बाहेर पडतात, तेव्हा मेंदू शरीराच्या तापमानाची पातळी वर नेऊन ठेवतो. त्या पातळीच्या मानाने अंग अजून गारच असते. म्हणून स्नायू कापू लागतात आणि त्या कापण्यातून उष्णता निर्माण होते. आधी हीव, मग ताप : शब्दाचा क्रम हाच रोगाचाही क्रम आहे.

७/८
स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे. १९५३ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरोघर डीडीटी फवारले गेले आणि १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या एक लाखापर्यंत उतरली. विजय झाला असे वाटत असतानाच १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदियाच्या वाट्याला सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव हा पूर्वेकडील वनप्रदेश आला. झरे, ओढे, तलाव आणि धानाच्या बांध्यांचा हा मुलूख शेजारच्या गडचिरोलीप्रमाणेच हिवतापप्रवण मानला जातो.

८/८
आणि येथेच या नेमक्या शब्दाची मर्यादा उघडी पडते. वनपट्ट्यात आढळणारा ‘फाल्सिपेरम’ हा सर्वांत घातक प्रकार दरवेळी ठरलेल्या पाळीने किंवा हुडहुडी भरूनच येईल असे नाही. ‘हीव नाही, म्हणजे हिवताप नाही’ हा तर्क त्यामुळे जिवावर बेतू शकतो. पूर्वजांनी रोग ओळखला तो अंगावरच्या काट्यावरून. आज तो ओळखायचा तो रक्ताच्या थेंबावरून. नाव जुनेच राहिले, तरी निदान नव्यानेच करावे लागते.