औटकी ते ॲरे

'औट घटकेचे राज्य' हा वाक्प्रचार आपण वर्गात शिकवतो. पण औट म्हणजे साडेतीन, आणि या साडेतीनचा स्वतंत्र पाढा मुले पाठ करीत असत, हे किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असा तो अपूर्णांकांच्या पाढ्यांचा संच होता. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आजोबांचे किराणा दुकान होते. दीड आणे शेर भावाने सतरा शेर गूळ द्यायचा झाला, तर ते 'सतरा दिडे साडेपंचवीस' म्हणत आणि लगेच 'एक रुपया साडेनऊ आणे' असा हिशोब सांगत. पाटीला हात लागत नसे.

या पाढ्यांमागची कल्पना साधी आहे. जो गुणाकार वारंवार लागतो, तो कोणीतरी एकदा काळजीपूर्वक करून ठेवायचा. बाकीच्यांनी तो तयार वापरायचा. मराठीतले याच जातीचे आणखी एक काम म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे यांचे 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे १८६० सालचे पुस्तक. ग्रहांची स्थाने काढणाऱ्याला दर वेळी मुळापासून गणित करावे लागू नये, म्हणून त्यातला मोठा भाग छत्र्यांनी कोष्टकांत मांडून दिला.

संगणक आला तेव्हा हीच गरज पुन्हा उभी राहिली. केंब्रिज विद्यापीठातला एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. वर्गमूळ काढणे किंवा उत्तर छापणे यांसारख्या कामांच्या सूचना प्रत्येक नव्या गणितासाठी पुन्हा लिहिण्यात वेळ जाई आणि चुकाही होत. तेव्हा विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी अशा कामांचे तयार तुकडे कागदी फितींवर साठवले. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९५१ साली निघाले. संगणकाच्या जगात 'लायब्ररी' हा शब्द रुळला तो अशा संग्रहांमुळे.

पुढे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत उभा राहिला. वेबपानात थोडी हालचाल आणावी, एवढाच तिचा सुरुवातीचा हेतू होता. तिच्यात वर्गमूळ होते, मोठ्यात मोठी संख्या शोधण्याची सोय होती. पण एका ओळीत मांडलेल्या संख्यांची, म्हणजे ॲरेची, बेरीज किंवा सरासरी काढणारे तयार फंक्शन नव्हते. अशा उणिवा इतरांनी भरून काढल्या. अंडरस्कोर (२००९), लोडॅश (२०१२) आणि मॅथ जेएस (२०१३) या लायब्रऱ्या त्यातूनच आल्या. त्या कोणालाही फुकट वापरता येतात. त्यांना आजच्या पावकी-निमकी म्हणायला हरकत नाही.

मात्र एक फरक आहे. दिडकी पाठ असणाऱ्याला ती पडताळून पाहता येई: सतरा आणि सतराचे निम्मे साडेआठ, मिळून साडेपंचवीस. तयार फंक्शनच्या आत काय चालते, हे वापरणाऱ्याला बहुधा दिसत नाही.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि किती पाणी आहे ते पाहून पिके ठरवते. अशा गावात पावसाची नोंद चुकली, तर ती चूक थेट शेतापर्यंत पोचते. समजा, पाच दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा आहेत: १२, ०, कोरा रकाना, १८, १०. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला नाही. तिसऱ्या दिवशी मोजायला कोणी गेलेच नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत. पण जावास्क्रिप्टमध्ये 'नल' म्हणून नोंदवलेली कोरी जागा बेरजेत शून्य धरली जाते आणि नोंदींच्या संख्येत मात्र मोजली जाते. मग साधे फंक्शन ४० ला ५ ने भागून सरासरी ८ सांगते. मोजलेल्या चार दिवसांची सरासरी तर १० आहे. यंत्राने गणित चोख केले. पण शून्य आणि 'माहीत नाही' यांतला भेद त्याला कोणी सांगितलाच नव्हता.

दुसरी गंमत क्रम लावण्याची. ९, १२, १०० या संख्या त्या भाषेच्या मूळ क्रमवारी फंक्शनला दिल्या, तर उत्तर येते १००, १२, ९. कारण वेगळे काही सांगितले नसेल, तर ते त्यांना शब्द समजून शब्दकोशाप्रमाणे लावते.

आजोबांची दिडकी कधी चुकली नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलोग्रॅम आला, आणि तरीही ती अडगळीत गेली. कारण ज्या आण्या-शेरांसाठी ती रचली होती, ते मापच बदलले. तयार हिशोब ज्या मापासाठी आणि ज्या नोंदींसाठी केलेला असतो, तेवढ्यापुरताच तो खरा असतो.

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहा. फळ्यावर आठवड्याच्या पावसाच्या नोंदी मांडा आणि एक रकाना मुद्दाम कोरा ठेवा. सरासरी आधी मुलांना हाताने काढू द्या, मग संगणकाला विचारा. दोन उत्तरे जुळली नाहीत, तर कोणते बरोबर हे लगेच सांगू नका. त्या कोऱ्या रकान्याचे काय करायचे, यावर मुलांना भांडू द्या.