चित्रपट ‘पाहायला’ शिकवणारे चॅनेल्स

चित्रपटगृहातून बाहेर पडताना ‘आवडला’ किंवा ‘नाही आवडला’ हे आपण चटकन सांगतो. का आवडला, हे सांगताना मात्र गाडी कथा आणि अभिनय यांच्यापुढे सहसा सरकत नाही. हे ‘का’ शोधण्याची दृष्टी फिल्म सोसायट्यांमधील चर्चांतून किंवा पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूट व फिल्म अर्काइव्ह यांच्या चित्रपट रसास्वाद अभ्यासक्रमातून अनेकांना मिळाली. तिचा काही अंश आता यूट्यूबवर घरबसल्या, विनामूल्य उपलब्ध आहे. प्रश्न आहे तो निवडीचा. चित्रपटाची गोष्ट दहा मिनिटांत सांगून टाकणाऱ्या व्हिडिओंची तेथे गर्दी आहे. त्यातून गोष्ट कळते; चित्रपट मात्र निसटतो. म्हणूनच पुढील चार ठिकाणे आवर्जून पाहावीत.

एव्हरी फ्रेम अ पेंटिंग
टोनी झोऊ आणि टेलर रामोस यांनी २०१४ मध्ये हे चॅनेल सुरू केले. प्रारंभ जॅकी चॅनवरील भागापासून करावा. त्याच्या हाणामारीत ठोसा आणि त्याची प्रतिक्रिया एकाच चौकटीत दिसतात, कॅमेरा फारसा हलत नाही आणि नायक नेहमी अडचणीतूनच सुरुवात करतो. हसू येते ते त्यामुळे. अकिरा कुरोसावा यांच्यावरील भागात पाऊस, वारा, जमाव आणि कॅमेरा यांच्या हालचालींतून भावना कशी उभी राहते, ते दिसते. २०१७ मध्ये या जोडीने चॅनेल थांबवत असल्याचे जाहीर केले होते. २०२४ मध्ये काही नवे भाग आले.

लेसन्स फ्रॉम द स्क्रीनप्ले
मायकल टकर यांचे हे चॅनेल पटकथेसाठी. पटकथेतील मूळ ओळी आणि पडद्यावरील प्रसंग येथे शेजारी शेजारी ठेवले जातात. ‘द डार्क नाइट’ (२००८) वरील भाग त्यातील उत्तम. जोकर प्रभावी ठरतो तो केवळ क्रौर्यामुळे नव्हे. नायकाच्या नेमक्या दुर्बलतेवर बोट ठेवून तो त्याला कठीण निवड करायला भाग पाडतो, हे त्यात उलगडते. कथा-एकांकिका लिहिणाऱ्यांनाही याचा उपयोग व्हावा.

नर्डरायटर
इव्हन पुशाक यांच्या या चॅनेलवर चित्रपटांखेरीज चित्रकला आणि कवितेवरही भाग आहेत. ‘पॅसेंजर्स’ (२०१६) या चित्रपटावरील भाग चुकवू नये. तोच चित्रपट नायिका जागी होते त्या क्षणापासून सुरू झाला असता, तर प्रेमकथेचे रूपांतर थरारपटात कसे झाले असते, हे तो दाखवतो. कथेत ‘काय’ घडते याइतकेच ते प्रेक्षकाला ‘केव्हा’ कळते हेही महत्त्वाचे, हा धडा त्यातून मिळतो.

गुफ्तगू
वरील तिन्ही चॅनेल्स इंग्रजीत असून त्यांचा भर प्रामुख्याने परदेशी चित्रपटांवर आहे. ती उणीव राज्यसभा टीव्हीच्या ‘गुफ्तगू’ या हिंदी मुलाखतमालेने काही अंशी भरून निघते. सय्यद मोहम्मद इरफान यांचे संथ, अभ्यासपूर्ण प्रश्न आणि कलावंतांची मोकळी उत्तरे, हे तिचे वैशिष्ट्य. २०२१ मध्ये ही वाहिनी संसद टीव्हीत विलीन झाली. मात्र मुलाखती यूट्यूबवर पाहता येतात.

कसे पाहावे?
प्रथम चित्रपट, मग त्यावरील व्हिडिओ, हा क्रम पाळावा. अन्यथा रहस्य आधीच फुटते. व्हिडिओतील मत अंतिम मानू नये. त्यातील एखादा मुद्दा घेऊन आपल्या ओळखीचा चित्रपट पुन्हा पाहावा. उदाहरणार्थ, चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) कॅमेरा दूर आणि स्थिर का राहतो, याचा विचार करावा. ते उत्तर कोणत्याही व्हिडिओविना सापडले, की या चॅनेल्सचे काम झाले असे समजावे.