झाड तोडून रोग टळत नाही

पेठेत जुना वाडा पाडून सोसायटी उभी राहते, पण परसातला देशी बदाम पुष्कळदा तसाच उरतो. तो फळाला आला की रात्री वटवाघळं येतात. सकाळी पार्किंगमध्ये गर कुरतडलेल्या बिया आणि भिंतीवर डाग. सदाशिव पेठेत मग सूर निघतो: ही निपाह आणतात, झाडच तोडून टाका. यातली भीती मी खोटी म्हणत नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

भीतीला आधार आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२०मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाहच्या खुणा सापडल्या. पण विषाणू वाघळाच्या अंगात असणं वेगळं आणि तो माणसापर्यंत पोचणं वेगळं. मलेशियात १९९८-९९मध्ये तो डुकरांमार्फत पोचला. तिथे फळझाडांना लागूनच डुकरांचे गोठे होते. बांगलादेशात तो खजुराच्या कच्च्या रसातून आला, रात्रभर उघड्या मडक्यात साचलेल्या.

हाकलून काय होतं, याचा दाखला युगांडात आहे. २००७मध्ये किताका इथल्या खाणीत कामगारांना मारबर्ग हा विषाणूजन्य रोग झाला. पुढच्या वर्षी खाणीतली वटवाघळं मारून टाकली गेली. काही वर्षांनी थोडी परतली, तर त्यांच्यात विषाणूचं प्रमाण पूर्वीच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि २०१२मध्ये त्याच भागात माणसांत साथ आली. ऑस्ट्रेलियातही हेंड्रा विषाणू फैलावतो तो जंगलातली फुलं आटतात आणि उपाशी वाघळं वस्तीजवळ येतात तेव्हा. अन्न तोडून आपण त्यांना दूर लोटत नाही, जवळ ओढतो.

त्यांची बाजू घेणारेही एक चूक करतात, ‘एक वाघूळ तासाला हजार डास खातं’ असं सांगतात. असे आकडे १९६०च्या सुमारास अमेरिकेत बंदिस्त जागेत डास सोडून केलेल्या मोजणीला गुणून काढलेले आहेत. शिवाय बदामावर येणारी वाघळं फळं खाणारी, डासांशी त्यांना देणंघेणं नाही. त्यांचं काम वेगळंच आहे. फळलेल्या उंबराखाली सकाळी पाहावं: पेराएवढ्या, चपट्या, कोरड्या वड्या पडलेल्या असतात. रस पिऊन थुंकलेला हा चोथा. बारीक बिया रसाबरोबर पोटात जातात आणि कुठेतरी लांब विष्ठेतून शाबूत पडतात. पेठेतल्या पडक्या भिंतीत रुजलेला वड-पिंपळ कुणी लावलेला नसतो. तो पाखरांनी आणि यांनी आणलेला असतो. विदर्भातल्या मोहाची फुलं हीच चाखतात, आणि परागण होतं.

डाग धुवावे लागतात, हे मान्य. चिकू-पेरूच्या बागांचं नुकसानही खरं. तिथे जाळी हाच उपाय. दात लागलेलं फळ खाऊ नये, खाली पडलेलं वाघूळ उघड्या हाताने उचलू नये, मुलांनाही हे सांगावं.

राहिला झाड तोडण्यासाठी महापालिकेकडे जाणारा अर्ज. ‘उपद्रवी प्राणी’ हे कारण त्यात घालू नये. १९७२च्या वन्यजीव कायद्यातल्या पाचव्या अनुसूचीत उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला फळभक्षी वटवाघळं होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली.