सी हॉक : सिम्युलेटरमधील डेक-लँडिंग

हॉकर सी हॉक हे ब्रिटिश बनावटीचे, एका इंजिनाचे जुने नौदल जेट विमान चालत्या विमानवाहू जहाजावर उतरवण्याचा संगणकावरील सराव. ‘फ्लाइटगियर’ या मोफत, मुक्तस्रोत सिम्युलेटरमध्ये सी हॉकची प्रतिकृती आहे. नवशिक्याने जहाजावर उतरायला याच विमानापासून सुरुवात करावी. पंख सरळ, वेग आटोक्यातला आणि वैमानिकाची जागा नाकाजवळ, त्यामुळे डेक अखेरपर्यंत नजरेसमोर राहतो.

भारतीय नौदलाच्या ‘व्हाइट टायगर्स’ या 300 क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे 1960 साली सी हॉक आले. 18 मे 1961 रोजी लेफ्टनंट तहिलियानी (पुढे नौदलप्रमुख) यांनी ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावर पहिले जेट उतरवले. 4 डिसेंबर 1971 रोजी याच जहाजावरून उडालेल्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बझारवर हल्ला चढवला.

विक्रांतचा डेक सुमारे 213 मीटर लांब होता आणि त्यातला थोडाच भाग उतरण्यासाठी मिळे. शेपटीखालचा हुक आडव्या तारांपैकी एकीत अडकला तरच विमान थांबते. जमिनीवर टेकण्याआधी नाक किंचित उचलून विमान अलगद ठेवतात. ही सवय इथे घातक ठरते, कारण हुक तारांवरून तरंगत पुढे जातो. विमान ठरलेल्या उताराने थेट डेकवर आदळू द्यायचे असते.

वेग स्टिकने आणि उंची थ्रॉटलने सांभाळायची, हे या कौशल्याचे मर्म. सी हॉकचे रोल्स-रॉइस नीन इंजिन जुन्या पिढीचे. थ्रॉटल पुढे सारल्यावर जोर यायला वेळ लागतो. म्हणून विमान खाली गेल्यावर नव्हे, जाऊ लागताच थोडी शक्ती वाढवावी आणि लगेच थोडी कमी करावी. मोठी दुरुस्ती शेवटच्या टप्प्यात बहुधा उतरणे बिघडवते.

उतार बरोबर आहे का, हे डेकच्या कडेचा आरसा सांगतो. ब्रिटिश नौदल अधिकारी निकोलस गुडहार्ट यांनी सुचवलेल्या या योजनेत आरशातला प्रकाशगोळा हिरव्या दिव्यांच्या ओळीत दिसायला हवा. वर दिसला तर विमान उंच, खाली दिसला तर धोक्याइतके खाली. उतरण्याची पट्टी जहाजाच्या दिशेपासून डावीकडे तिरकी असते आणि जहाज पुढे सरकत असते. परिणामी पट्टी सतत उजवीकडे सरकताना दिसते, आणि वैमानिकाला पुन्हा पुन्हा किंचित उजवीकडे वळावे लागते. नवशिके सर्वाधिक चुकतात ते इथेच.

चाके टेकताच थ्रॉटल पूर्ण उघडायचे. तार अडकली तर विमान थांबतेच. नाही अडकली तर पुन्हा उडण्यापुरता जोर हाताशी असतो.

सिम्युलेटरमध्ये आसनाचा हिसका जाणवत नाही आणि सपाट पडद्यावर खोलीचा अंदाज फसतो. आभासी वास्तवाचा चष्मा ही दुसरी उणीव बरीच भरून काढतो. सराव दिवसाउजेडी, जहाज वाऱ्याला सामोरे वळवून सुरू करावा.

विक्रांत 2014 पासून मुंबईत दारूखान्यात तोडली गेली. सी हॉक मात्र गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात आहे. सराव करणाऱ्याने ते जवळून पाहावे; पंखांच्या मुळाशी दुभागलेली धूरनळी आणि वैमानिकाची पुढे सरकलेली जागा तिथे स्पष्ट दिसते.