कळप की संगत? एका शब्दाची गोष्ट, नरसी नामदेवच्या वाटेने

१/ प्रार्थनेसाठी जमलेल्या समुदायाला इंग्रजीत ‘काँग्रिगेशन’ म्हणतात. या शब्दाच्या पोटात ‘ग्रेक्स’ हा लॅटिन शब्द आहे. त्याचा अर्थ कळप. ‘कळपात एकत्र आणणे’ हा मूळ भाव. चौदाव्या शतकात तो इंग्रजीत रुजला.

२/ याच ‘ग्रेक्स’पासून ‘सेग्रिगेशन’ही आला : कळपातून वेगळे काढणे. जमवणे आणि वगळणे ही एकाच घरची भावंडे.

३/ हिंगोली जिल्ह्यातील, कयाधूकाठचे नरसी हे परंपरेनुसार संत नामदेवांचे जन्मगाव (१२७०). कुळ शिंप्याचे. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे त्यांना कीर्तनातून हटवले गेले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आख्यायिका आहे.

४/ देऊळ फिरणे हा श्रद्धेचा विषय. पण हीन जातीचा म्हणून देवळातून उठवल्याची वेदना गुरू ग्रंथसाहिबातील नामदेवांच्या एका पदातच आहे.

५/ नामदेवांचे उत्तर होते कीर्तन. चंद्रभागेच्या वाळवंटाला दार नव्हते, म्हणून द्वारपालही नव्हता. गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार, दासी जनाबाई, चोखामेळा ही नावे वारकरी परंपरेत नामदेवांच्या सोबतीनेच घेतली जातात.

६/ मंगळवेढ्यात कुसू कोसळून चोखोबा गेले. परंपरा सांगते की त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरी आणल्या. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच आहे. नामदेवांनीही त्याच दाराची पायरी आपल्यासाठी निवडली.

७/ नामदेव उत्तरेत पंजाबातील घुमानपर्यंत गेले. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. ती आजही गुरुद्वारात ज्या समुदायापुढे गायिली जातात, त्याचे नाव ‘संगत’.

८/ संगत : ‘सम्’ म्हणजे सोबत, ‘गम्’ म्हणजे जाणे. या शब्दात कळप नाही, हाकणारा मेंढपाळही नाही. आहेत ती फक्त सोबत चालणारी पावले. दिंडी याहून वेगळी काय असते?

९/ पण शब्द उदार असला म्हणून समाज तसा होत नाही. नामदेवांच्या पायरीपलीकडचे पंढरपूरचे दार अस्पृश्य मानलेल्या भाविकांसाठी उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षे दिंडी सोबत चालत आली. दारापाशी मात्र कळपाचाच नियम चालला.