नको असलेली जोडी

१९३४ च्या सुरुवातीला लंडनहून एक पत्र हॉलिवुडकडे निघालं. लिहिणारा फ्रेड अ‍ॅस्टेअर. वय चौतीस. पॅलेस थिएटरात ‘गे डिव्होर्स’ या संगीत नाटकाचे त्याचे प्रयोग चालू होते. पत्र त्याच्या एजंटाला, लेलँड हेवर्डला होतं आणि मजकूर सरळ रागाचा होता. जिंजर रॉजर्सशी माझी जोडी लावायच्या गोष्टी कोण करतंय, असं तो विचारतो. तिच्याबरोबर आणखी एखादा चित्रपट करायला माझी ना नाही, पण कायमची जोडी म्हणत असाल तर ते जमायचं नाही. एका जोडीतून आत्ता कुठे सुटलोय, दुसरी गळ्यात नको.

पुढच्या पाच वर्षांत या दोघांनी आणखी आठ चित्रपट केले. आज अ‍ॅस्टेअर म्हटलं की पाठोपाठ रॉजर्स ओठावर येतंच. जगातली बहुधा सगळ्यात लाडकी नाचणारी जोडी, आणि तिच्या दप्तरातला पहिला अस्सल कागद म्हणजे ती जोडी नाकारणारं पत्र.

‘दप्तर’ आणि ‘अस्सल’ हे शब्द मी मुद्दाम वापरतोय. इतिहासकार राजवाड्यांनी मराठी वाचकाला एक सवय लावली: बखर हातात आली की आधी पत्र शोधायचं. बखर प्रसंगानंतर रचली जाते, ऐकणाऱ्याला काय आवडेल ते तिला ठाऊक असतं. पत्र त्या दिवसाचं, त्या दिवसाच्या रागालोभाचं असतं. हॉलिवुडच्या जोड्यांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यात बखरीचा भरणा फार. अ‍ॅस्टेअर आणि रॉजर्सची बखर तर इतकी गोड आहे की तिच्यावर बोट ठेवायला जीव धजत नाही. पण मागे उरलेले कागद आणि फिती शेजारी ठेवून पाहिल्या की जे दिसतं ते मला बखरीपेक्षा मोलाचं वाटतं.

पत्रातली ‘एक जोडी’ म्हणजे त्याची बहीण अडेल. ती थोरली. नेब्रास्कातल्या ओमाहाहून आई दोघांना न्यूयॉर्कला घेऊन आली तेव्हा दोघं अगदी लहान होती. १९०५ पासून १९३२ पर्यंत ती रंगमंचावर एकत्र नाचली आणि प्रेक्षकांचा जीव अडेलवर होता. १९३२ मध्ये लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिशशी लग्न करून ती निवृत्त झाली. सत्तावीस वर्षं ‘अडेलचा भाऊ’ म्हणून काढलेल्या माणसाला पहिल्यांदाच एकट्याचं नाव मिळत होतं. हे लक्षात घेतलं की पत्रातला राग जिंजरवरचा राहत नाही.

आता बखरीतला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग. अ‍ॅस्टेअरची पडद्यावर चाचणी झाली आणि कुणा अधिकाऱ्याने शेरा मारला: गाता येत नाही, अभिनय येत नाही, टक्कल पडत चाललंय, थोडंफार नाचतो. तो शेऱ्याचा कागद आज कुठेही नाही. चाचणीची फीतही नाही. पुढे त्याच्या चित्रपटांचा निर्माता झालेला पॅन्ड्रो बर्मन म्हणत असे की असलं काही आपण त्या काळात ऐकलंच नव्हतं. स्वतः अ‍ॅस्टेअरने म्हातारपणी हा शेरा सांगितला तो थोड्या वेगळ्या शब्दांत. जो कागद उरला आहे तो निराळाच. जानेवारी १९३३ मध्ये आरकेओ स्टुडिओचा निर्मितीप्रमुख डेव्हिड सेल्झनिक याने चाचणी पाहून टिपण लिहिलं. या माणसाबद्दल माझी खात्री नाही, कान भलतेच मोठे आहेत, हनुवटीची रेघ वाईट आहे. पण त्याची मोहिनी एवढी की या भिकार चाचणीतूनही ती बाहेर येते, असा त्याचा आशय. बखरीत आंधळा अधिकारी आणि डावललेला गुणी कलावंत आहे. कागदावर कान, हनुवटी बघूनही गुण ओळखणारा धंदेवाईक आहे. मला हा दुसरा माणूस जास्त खरा आणि जास्त आवडणारा वाटतो.

जोडी जमली ती ठरवून नव्हे. ‘फ्लाइंग डाऊन टू रिओ’ (१९३३) मधली भूमिका डोरोथी जॉर्डनची होती. तिने आरकेओचाच मेरियन कूपर याच्याशी लग्न केलं आणि जागा रिकामी झाली. जिंजर तिथे आली. वय बावीस, पण गाठीशी वीसेक चित्रपट होते. ‘फोर्टी-सेकंड स्ट्रीट’ नुकताच गाजला होता. श्रेयनामावलीत तिचं नाव चौथं, अ‍ॅस्टेअरचं पाचवं. दोघं एकमेकांना अनोळखी नव्हती. १९३० मध्ये न्यूयॉर्कला ‘गर्ल क्रेझी’ या नाटकातल्या तिच्या एका नाचाला हात लावण्यासाठी अ‍ॅस्टेअरला बोलावलं होतं. रिओच्या चित्रपटात पांढऱ्या पियानोंवर चढून कपाळाला कपाळ लावत दोघं नाचली, आणि नायक-नायिका कोण होते ते प्रेक्षक विसरले.

लंडनच्या पत्रानंतर तारा सुटल्या. बर्मनने हेवर्डला कळवलं त्याचा मथितार्थ असा: जिंजर त्याच्याबरोबर बरी दिसते, कायमची जोडी करणार आहोत असं समजायचं कारण नाही, मात्र दोघांना एकत्र ठेवून सगळ्यांनाच भरपूर पैसा मिळणार असेल तर तसं न करणं मूर्खपणाचं होईल. इतका प्रामाणिक व्यापारी कागद विरळा. अ‍ॅस्टेअरला नफ्यात वाटा मिळाला, जो त्या काळी नटांना सहसा मिळत नसे. जिंजरला तसं काही नव्हतं. जोडीत तिचं मानधन त्याच्यापेक्षा कमी राहिलं आणि त्यासाठी तिला स्टुडिओशी भांडावं लागलं.

आरकेओची हिशेबाची खातेवही टिकून आहे, ही अभ्यासकांच्या दृष्टीने केवढी भाग्याची गोष्ट. ‘टॉप हॅट’ (१९३५) वर खर्च ६ लाख ९ हजार डॉलर, नफा १३ लाख २५ हजार. पुढच्या वर्षी ‘स्विंग टाइम’चा नफा ८ लाख ३० हजार. १९३७ च्या ‘शॅल वी डान्स’चा ४ लाख १३ हजार. १९३८ मध्ये ‘केअरफ्री’ला ६८ हजारांचा तोटा, १९३९ मध्ये कॅसल या नर्तक दांपत्यावरच्या चित्रपटाला ५० हजारांचा. मधे अ‍ॅस्टेअरने जिंजरशिवाय केलेला ‘अ डॅम्सल इन डिस्ट्रेस’ ६५ हजारांनी बुडाला. ही जोडी भांडणामुळे फुटली, असं बखर सांगते. वही सांगते की तिचं पीक ओसरत गेलं.

त्याच वर्षांतला आणखी एक कागद आहे. अमेरिकेतले चित्रपटगृहांचे मालक दरवर्षी गल्ल्याच्या हिशेबाने सर्वांत चालणारे दहा कलावंत निवडत. १९३५ च्या यादीत चौथ्या क्रमांकावर, १९३६ मध्ये तिसऱ्या आणि १९३७ मध्ये सातव्या क्रमांकावर ‘अ‍ॅस्टेअर आणि रॉजर्स’ आहेत. दोन माणसं, क्रमांक एक. ज्या गोष्टीला त्याने पत्रात ठाम नकार दिला होता ती तिथे छापून आली.

पण नुसत्या कागदांवर भागत नाही. त्यांचा नाच कसा घडला हे कागद सांगत नाहीत. इथे अ‍ॅस्टेअरने, कदाचित नकळत, इतिहासकारावर मोठे उपकार करून ठेवले आहेत. नाच चालू असताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि तुकडे कमीत कमी पडले पाहिजेत, असा त्याचा हट्ट असे. त्याच काळात वॉर्नर ब्रदर्समध्ये बझ्बी बर्कली छतावरून कॅमेरा लावून शेकडो मुलींच्या फुलपाकळ्या करत होता. तिथे नाच संकलनाच्या टेबलावर तयार होई. अ‍ॅस्टेअरचं म्हणणं, एक तर कॅमेरा नाचेल किंवा मी. म्हणून कॅमेरा ठेंगण्या गाडीवर बसवून त्यांच्या बरोबरीने सरकवला जाई. परिणाम असा की पडद्यावर दिसतो तो नाच त्या दोघांनी त्या क्षणी खरोखर, तेवढ्याच वेळात केलेला असतो. अस्सल पत्रासारखाच हा पुरावा: मागाहून फारसा हात न लागलेला.

‘फॉलो द फ्लीट’ (१९३६) च्या शेवटचा नाच घ्या. दोघंही सर्वस्व हरलेली, जीव द्यायला निघालेली; तो तिला नाचायला वळवतो. जवळजवळ तीन मिनिटांचा हा नाच एकाच सलग शॉटमध्ये आहे. जिंजरचा पोशाख बर्नार्ड न्यूमनचा, मण्यांनी मढवलेला, बाह्या रुंद आणि वजनदार. अ‍ॅस्टेअर १९५९ च्या आत्मचरित्रात सांगतो की पहिल्याच टेकमध्ये तिने गिरकी घेतली आणि ती बाही त्याच्या जबड्यावर आणि डोळ्याजवळ फाडकन बसली. तो तसाच भेलकांडत नाचत राहिला. मग त्यांनी रात्रीपर्यंत वीसेक टेक केले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सर्वांत चांगला पहिलाच निघाला, आणि तोच चित्रपटात आहे.

आत्मचरित्र म्हणजे पुन्हा बखर. पण इथे पडताळा घेता येतो. तो भाग मी थांबवत, मागे नेत कितीतरी वेळा पाहिला आहे. ती वळते, बाही शरीरापेक्षा अर्धा क्षण मागे राहते, मग सगळ्या मण्यांचं वजन घेऊन भरकन येते आणि त्याच्या चेहऱ्याला लागून जाते. पाऊल चुकत नाही. खांदे तसेच. ठाऊक नसेल तर कुणाला कळणारही नाही. पुढे त्या बाहीला तो सांभाळून घेतो की काय, असं पाहताना वाटत राहतं. तिच्या गिरक्यांमध्ये त्याची मान किंचित दूर जाते. तो नाचाचा भाग की सावधपणा, हे मी ठरवू शकत नाही. दोन्ही असेल. शेवटी दोघं माना मागे टाकून, गुडघे उचलून पडद्याआड झेपावतात तेव्हा त्या झेपेत फटका खाऊनही तोल न सोडलेल्या माणसाचं बळ मला दिसतं.

‘टॉप हॅट’मधल्या पिसांच्या पोशाखाची गोष्ट अशीच तपासता येते. शहामृगाच्या फिक्या निळ्या पिसांचा तो झगा जिंजरच्या पसंतीचा. ती पिसं इतकी झडू लागली की अ‍ॅस्टेअर वैतागला, आणि मग तालीम-भिडू हर्मीज पॅनला घेऊन त्याने त्यावर विडंबनगीत रचलं. दिलजमाई म्हणून त्याने तिला सोन्याचं छोटं पीस दिलं. त्याच्या आठवणींत ही गंमत आहे. तिच्या १९९१ च्या आत्मचरित्रात सेटवरचा अपमानही आहे. कोण खरं, हे ठरवायचं कारण नाही. निखळलेली पिसं मात्र फितीत आजही तरंगताना दिसतात, आणि त्याच झग्याने त्या नाचाला हवा दिली आहे हेही दिसतं. झग्याबाबत तिची नजर बरोबर होती.

जिंजरचा वाटा किती, हा प्रश्न कागदांपुढे अडतो. नाच अ‍ॅस्टेअर आणि पॅन आठवडेच्या आठवडे बसवत. त्या वेळी जिंजर बहुधा दुसऱ्या चित्रपटाच्या चित्रीकरणात असे, म्हणून तिच्या जागी पॅन नाचे आणि नंतर तिला शिकवी. पुढे टाचांचे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करताना पुष्कळदा तिच्या पावलांचा आवाजही पॅनच देई. अ‍ॅस्टेअरने केलं ते सगळं तिने उलट्या पावलांनी आणि उंच टाचांत केलं, हे वाक्य तिचं म्हणून फिरतं. ते आहे बॉब थेव्ह्सच्या १९८२ च्या एका व्यंगचित्रातलं. ‘स्विंग टाइम’मधल्या शेवटच्या नाचाचे सत्तेचाळीस टेक झाले आणि तिच्या पायांतून रक्त आलं, ही हकिगत आठवणींमधून आलेली आहे, आणि ती खोटी मानायला मला कारण दिसत नाही. पण तिच्या कामाचा पुरावा शोधायचा तर मी दुसरीकडे बोट दाखवीन.

‘रॉबर्टा’ मार्च १९३५ मध्ये आला. म्हणजे लंडनच्या त्या पत्राला जेमतेम वर्ष झालं होतं. त्यात दोघं बँडची तालीम चालू असताना सहज नाचायला लागतात. तिने झगा नव्हे, पँट घातली आहे. लाकडी जमीन, सलग शॉट, आणि टाचांचा आवाज नंतर भरलेला नाही, जागच्या जागी टिपलेला. बोलाचालीसारखा नाच: त्याने टाचेने काही म्हणायचं, तिने टाचेनेच उलट उत्तर द्यायचं, मग दोघांनी एकमेकांचं वाक्य तोडायचं. रुसवा, चापट, समेट, सगळं पायांनी. कान देऊन ऐकलं तर टाचांच्या त्या खडखडाटात मधेच एक हसू ऐकू येतं. जिंजरचं. ते संवादात बसवलेलं वाटत नाही. अ‍ॅस्टेअर पुढचा ठेका टाकतो, तो आधीच्यापेक्षा जरा जोरात, आणि ती पुन्हा हसते. मग दोघं धापा टाकत खुर्च्यांत कोसळतात.